जुन्या मोटरसायकलीचे पुढचे पाय

एकत्र कुटुंबांत जुनी वस्तु निघाली कीं तिच्यावरून दोन पक्ष पडावयाचेच. एक पक्ष म्हणतो, मोडीत घाला. दुसरा म्हणतो, चालते आहे तोंवर चालूं द्या. शिवणाचें यंत्र, भिंतीवरचें घड्याळ, पितळी स्टोव्ह यांच्या बाबतींत कोणत्याहि पक्षाची सरशी झाली तरी फारसें बिघडत नाहीं. परंतु ती वस्तु मोटरसायकल असेल, तीहि माळरानावरून, शेताच्या बांधावरून आणि डोंगराच्या कच्च्या वाटांनीं जाणारी, आणि तिच्यावर बसणारें माणूस आपल्याच घरांतलें असेल, तर 'चालते आहे' एवढ्यावर वाद मिटवितां येत नाहीं. ती कशी चालते हें पाहावें लागतें; आणि पाहण्यास आरंभ करावयाचा तो पुढच्या चाकापासून. मागचें चाक घसरलें तर स्वार बहुधा सांवरतो. पुढचें घसरलें म्हणजे सांवरण्यास अवकाशच मिळत नाहीं, आणि हांसळीचें हाड मोडून मुलगा घरीं येतो.

ज्यांना 'डर्ट बाइक' म्हणतात त्या खास गाड्या आपल्याकडे थोड्याच. १९८५ ते १९९६ या काळांत निघालेली यामाहा आर. एक्स. १००, म्हैसूरच्या कारखान्यांतून १९९६ पर्यंत निघत असलेली येझ्दी, अशा रस्त्याच्याच गाड्यांवर सुटे-बांधे बदलून आपल्या तरुणांनीं मातींतल्या शर्यतींची हौस भागविली. २०११ सालीं हिरो कंपनीनें 'इम्पल्स' नांवाची उंच गाडी काढली, ती मात्र कच्च्या वाटेकरितांच म्हणून काढली. आतां तीहि नवी मिळत नाहीं. या सर्व गाड्यांचे पुढचे पाय एकाच जातीचे आहेत. इंग्रजींत त्यांना 'टेलिस्कोपिक फोर्क' म्हणतात, आणि गॅरेजांत सरळ 'शॉकअप'. दुर्बिणीच्या नळ्या जशा एकींत एक सरकतात तशा यांच्या सरकतात, म्हणून हें नांव.

ही कल्पना जुनी आहे. यॉर्कशायरच्या आल्फ्रेड स्कॉट यानें १९०८ सालीं आपल्या मोटरसायकलीस सरकत्या नळ्यांचा फोर्क बसविला होता. तरी पुढें पुष्कळ वर्षें बहुतेक कारखान्यांनीं लोखंडी सांगाड्याचा आणि एका उघड्या स्प्रिंगचा 'गर्डर' फोर्कच पसंत केला. त्याला झोके आवरण्याकरितां घर्षणाच्या चकत्या असत, आणि त्या स्वारानें हातानें आंवळावयाच्या. १९३५ सालीं जर्मनींतील बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें आपल्या आर १२ या गाडीस नळ्यांच्या आंत तेल कोंडून झोका आवरणारा फोर्क दिला, आणि युद्धकाळांत १९४१ मध्यें मॅचलेस कंपनीनें ब्रिटिश लष्करासाठीं केलेल्या जी ३ एल या गाडीवर त्याच तत्त्वाचा फोर्क आला. त्या वेळेपासून या रचनेनें जें बस्तान बसविलें तें अद्याप उठलें नाहीं.

आंतली रचना एकदां ध्यानांत आली कीं पुढचें सगळें सोपें जातें. वरचा भाग म्हणजे क्रोमियम चढविलेली गुळगुळीत पोलादी नळी. तिला कारागीर 'फोर्क पाइप' म्हणतात. तो दोन 'टीं'च्या पकडींत घट्ट असतो. खालचा भाग ॲल्युमिनियमचा, त्याला 'बॉटम' म्हणतात. चाक त्याला लागलेलें असतें आणि चाकाबरोबर तो वर-खालीं जातो. पाइपाच्या आंत लांबलचक स्प्रिंग, आणि बॉटमच्या तळापासून वर आलेली एक बारीक पोकळ दांडी. त्या दांडीला भोकें असतात. चाक खड्ड्यांत गेलें, दगडावर चढलें, कीं तेल त्या भोकांतून जोरानें इकडून तिकडे ढकललें जातें. स्प्रिंग भार घेते, तेल झोका घेतें. स्प्रिंग आहे आणि तेल नाहीं अशी गाडी लहान मुलांच्या उड्या मारण्याच्या गादीसारखी होते. एका धक्क्याचे चार धक्के करते.

आणखी एक तिसरा भिडू आंत असतो, तो म्हणजे हवा. तेलाच्या वर पाइपांत जी मोकळी जागा राहते तिच्यांतली हवा फोर्क दबतांना कोंडली जाते. आरंभीं तिचा जोर जाणवत नाहीं, पण शेवटच्या इंच-दीड इंचांत ती एकाएकीं कठीण होते. तेल थोडें जास्त घातलें तर ही मोकळी जागा कमी होते आणि शेवटचा भाग अधिक कडक होतो. मधला भाग मात्र जवळजवळ तसाच राहतो. उंचवट्यावरून उडी घेऊन उतरतांना ज्यांचा फोर्क 'ठण्ण' करून तळाला लागतो त्यांच्यासाठीं हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र येथें सढळ हात उपयोगाचा नाहीं. दहा मिलिमीटरच्या फरकानेंहि स्वभाव बदलतो, आणि फारच भरलें तर तेलास जाण्यास जागा न राहून तें सील फोडून बाहेर येतें.

आमच्या घरीं हा विषय निघाला तो पुतण्याच्या गाडीमुळें. तिच्या उजव्या पायावरून तेलाचा ओघळ उतरून पुढच्या ब्रेकच्या तबकडीपर्यंत पोहोंचला होता. तबकडीला तेल लागणें म्हणजे ऐन उतारावर ब्रेक हातचा जाणें. वहिनींनीं तात्काळ 'ती विकून टाका' असा निकाल दिला, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें आम्हांला वाटत नाहीं. एका गॅरेजवाल्यानें सहा महिन्यांपूर्वीं नवीं सीलें घातलीं होतीं. तरी तीं गळत होतीं. आम्हीं ठरविलें कीं गाडी विकावयाची तर विकावी, पण ती कां गळते हें समजल्यावर विकावी. न समजतां विकली तर तो धोका दुसऱ्याच्या घरीं पाठविल्यासारखें होईल.

सील गळतें म्हणजे सील खराब झालें, असें धरून चालणें ही सर्वसाधारण चूक आहे. रबराच्या ओठाखालीं चिखलाचा एखादा कण अडकला तरी तेल झिरपतें. याला एक नामी युक्ति आहे. घरोघरीं कपाटांत जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह पडलेल्या असतात. त्यांतल्या एका पट्टीच्या टोंकाला कात्रीनें लहानसा आंकडा कापावा, वरचें धुळीचें सील नखानें वर करून ती पट्टी पाइप आणि तेलाचें सील यांच्यामध्यें हळूच सरकवावी, आणि पाइपाभोंवतीं फिरवून आंकड्यानें घाण बाहेर ओढावी. पुष्कळ गळत्या एवढ्यानेंच थांबतात. पोलादी पट्टी, सुई, ब्लेड मात्र तेथें नेऊं नये. सीलाचा ओठ एकदां फाटला कीं फाटला.

पट्टी फिरवूनहि गळती राहिली तर पाइपाकडे पाहावें. तो पुसून स्वच्छ करावा आणि नखाचें टोंक वरपासून खालपर्यंत ओढीत न्यावें. आमच्या पुतण्याच्या गाडीच्या पाइपावर, फोर्क अर्धा दबला असतां सील जेथें येतें नेमक्या त्या ठिकाणीं, मोहरीएवढे तीन गंजाचे खड्डे होते. क्रोमियमखालीं पाणी शिरून पोलाद गंजतें आणि क्रोमियमचा पापुद्रा उठतो. त्या खळग्याची धार प्रत्येक धक्क्याला सीलावर कानशीसारखी फिरते. असल्या पाइपावर नवें सील घालणें म्हणजे फुटक्या घागरीला नवी चुंबळ घेण्यासारखें. खड्डा एकटादुकटा आणि उथळ असेल तर अगदीं बारीक पॉलिश पेपरनें, तेल लावून, त्याची कड तेवढी मोडावी, आणि खळग्यांत चिकट राळेचा थेंब भरून तो वाळल्यावर सपाट करावा. कांहीं काळ निभावतें. आमचे तीन होते, आणि सीलाच्या ऐन वाटेंत होते. पाइप बदलणेंच आलें. दोन्ही पायांची परीक्षा मग ओघानेंच आली.

फोर्क उतरवितांना कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्यांत घाई केल्यास इजा होते. गाडीच्या इंजिनाखालीं भक्कम लाकडी खोकें देऊन पुढचें चाक अधांतरीं करावें, आणि गाडी हलवून पाहून मगच हात घालावा. वरच्या टीचा बोल्ट आधीं सैल करावा, म्हणजे पाइपाच्या डोक्यावरची टोपी सुटते. ती टोपी फोर्क टीच्या पकडींत असतांनाच थोडी सैल करून ठेवावी, हातांत धरलेल्या पाइपावर ती सुटत नाहीं. परदेशांतील १९७०-८० च्या सुमाराच्या कांहीं गाड्यांना टोपीवर हवा भरण्याची झडप असते. तिच्यांतली हवा सर्वांच्या आधीं सोडावी. टोपीखालीं स्प्रिंग दबलेली असते. शेवटच्या आट्यांना तळहाताचा भार देऊन, तोंड बाजूला ठेवून ती काढावी. ती छताला लागलेली आम्हीं पाहिली आहे.

दुसरी अडचण तळाच्या बोल्टाची. बॉटमच्या तळाशीं एक ॲलन बोल्ट असतो, तो आंतल्या पोकळ दांडीला धरून असतो. किल्लीनें बोल्ट फिरवावा तर आंत दांडीच बोल्टाबरोबर फिरते आणि कांहीं सुटत नाहीं. शहाणपणा असा कीं स्प्रिंग आंत आहे, तिचा दाब दांडीवर आहे, तेव्हांच हा बोल्ट हलवून घ्यावा. तें राहून गेलें असेल तर केरसुणीपेक्षां फरशी पुसण्याच्या कुंच्याचा लांब लाकडी दांडा घ्यावा, त्याचें टोंक निमुळतें तासावें, वरून पाइपांत घालून दांडीच्या डोक्यांत हातोड्यानें ठोकून बसवावें, आणि एकानें तो दांडा घट्ट धरावा, दुसऱ्यानें खालून किल्ली फिरवावी. बोल्टाखालीं तांब्याचा वायसर असतो. जोडतांना तो नवा घालावा, नाहींतर गळती वरून बंद होऊन खालून चालू होते.

तेल परातींत काढलें तेव्हां डाव्या पायांतून निघालें तें राखाडी, चकचकीत भुकटी असलेलें आणि कुजकट वासाचें. उजव्या पायांत जवळजवळ नव्हतेंच. दोन पायांत विषम तेल असणें ही आमच्या मतें गळतीपेक्षांहि वाईट गोष्ट होय, कारण गळती दिसते, ही दिसत नाहीं. एक पाय धक्का घेतो, दुसरा घेत नाहीं, आणि चाकाचा आंस दर वेळीं किंचित् पिळतो. राखाडी चकाकी म्हणजे आंतल्या बुशांची आणि स्प्रिंगची झीज. तेल स्वस्त असतें; तें वर्षांतून एकदां बदलावें, आणि पावसाळ्यांत नदी-ओढे ओलांडले असतील तर पावसाळा संपतांच बदलावें.

कोणतें तेल? पुष्कळ मेस्त्री इंजिनाचें तेल ओततात. तेवढ्यावर गाडी चालते, नाहीं असें नाहीं. परंतु फोर्काचें तेल वेगळें मिळतें आणि तें घ्यावें. त्याच्या डब्यावर पांच, दहा, पंधरा असे जाडीचे आंकडे असतात. जुन्या दांडीच्या फोर्काला बहुधा दहा किंवा पंधरा चालतें. मात्र एका कंपनीचें दहा दुसऱ्या कंपनीच्या दहाएवढेंच जाड असतें असें समजूं नये. म्हणून एकदां जमलेलें तेल शक्य तों बदलूं नये.

या आंकड्यांच्या मागें एक मौज आहे. भोकांतून तेल ढकलण्यास लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. म्हणून जुना फोर्क मूळ स्वभावानेंच हळूं हालचालींत सैल आणि जलद हालचालींत ताठ असतो. ब्रेक दाबतांच गाडी नाक खुपसते, कारण ती हालचाल हळूं आहे. आणि तीच गाडी खडीच्या बारीक, जलद धक्क्यांवर मनगटें दुखविते. तेल जाड केलें तर नाक खुपसणें कमी होतें, पण मनगटें अधिक दुखतात. पातळ केलें तर उलट. दोन्ही दुखणीं एका तेलानें बरीं होणार नाहींत, हें आधींच कबूल केलेलें बरें. पुढच्या काळांत पातळ पोलादी चकत्या वाकून तेलास वाट देणारी रचना निघाली, आणि जुन्या दांडीच्या डोक्यावर ठेवावयाची तशीच एक लहान झडपहि मिळूं लागली. ज्यांना शर्यतींत उतरावयाचें आहे त्यांनीं तिचा विचार करावा. शेतावर आणि डोंगरवाटेवर जाणाऱ्यानें पातळसर तेल, थोडी वर ठेवलेली पातळी आणि योग्य स्प्रिंग एवढ्यावर समाधान मानावें.

तेल मापावयाचें तें भांड्यानें नव्हे, पातळीनें. जुनें तेल आंत थोडें राहतेंच, त्यामुळें भांड्याचें माप दोन पायांत सारखें पडत नाहीं. स्प्रिंग बाहेर काढावी, पाइप पूर्ण खालीं दाबावा, तेल ओतावें, आणि पाइप दहा-बारा वेळां सावकाश वर-खालीं करून आंत अडकलेली हवा काढावी. मग पाय उभा टेकवून दहा मिनिटें स्वस्थ ठेवावा. नंतर पाइपाच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंत किती मिलिमीटर अंतर आहे तें पाहावें. तें अंतर यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें असतें. औषधाच्या दुकानांतली मोठी पिचकारी घेऊन तिला बारीक नळी लावावी, नळीवर त्या अंतराची खूण करावी, खूण कडेशीं धरून तेल ओढून घ्यावें. जास्तीचें तेल आपोआप निघून जातें आणि दोन्ही पाय केसाएवढ्या फरकानेंहि वेगळे राहत नाहींत.

पाइप सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास जाड काचेचा तुकडा पुरतो. काच टेबलावर ठेवून पाइप तिच्यावर लोळवावा आणि खालच्या फटींतून उजेड पाहावा. फट एका जागीं उघडझांप करूं लागली तर पाइप वांकडा आहे. थोडा बांक जाणत्या माणसाकडून दाबयंत्रावर काढून घेतां येतो. पण पाइपाला चुणी पडलेली दिसली तर तो सरळ करण्याचा मोह टाळावा. आमचा डावा पाइप सरळ निघाला, आणि त्यावर खड्डाहि नव्हता.

स्प्रिंगांची गोष्ट निराळी झाली. पुस्तकांत सांगितलेल्या लांबीपेक्षां दोन्ही स्प्रिंगा ११ मिलिमीटर आंखूड भरल्या. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्षानुवर्षें दबून स्प्रिंग आंखूड होते, परंतु तिचा ताठपणा बहुधा तसाच राहतो. बदलतें तें इतकेंच कीं फोर्क पूर्ण उघडा असतांना तिच्यावर जो आरंभींचा दाब असावयास पाहिजे तो कमी होतो, आणि गाडी नेहमींच नाक खालीं घालून उभी राहते. पुतण्या दोन वर्षें म्हणत होता कीं उतारावर गाडी मला पुढें टाकते. आम्ही त्याच्या चालविण्याला दोष देत होतों असें नव्हे, पण घरांतले कांहीं जण देत होते.

आतां 'बैठकी'विषयीं. स्वार बसला म्हणजे फोर्क किती दबतो यास इंग्रजींत 'सॅग' म्हणतात. आम्ही बैठक म्हणूं. जुन्या कच्च्या वाटेच्या गाडीची बैठक फोर्काच्या एकंदर चालीच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असावी. आमच्या गाडीची चाल १८० मिलिमीटर, तेव्हां बैठक ४५ ते ६० च्या दरम्यान पाहिजे. नुसत्या गाडीच्या वजनानें २५ ते ३५ बैठक यावी. चाकाला वर येण्याप्रमाणेंच खड्ड्यांत उतरण्यासहि जागा लागते, म्हणून बैठक अजीबात नको असें म्हणतां येत नाहीं.

हें माप घेण्यास तीन माणसें लागतात, आणि एकत्र कुटुंबाचा हा एक उपयोग आम्हांला नव्यानें कळला. एकानें हेल्मेट आणि बूट घालून, रोज चालवितो तसें बसावें. दुसऱ्यानें मागून गाडी सरळ धरावी. तिसऱ्यानें वांकून मोजावें. आधीं चाक अधांतरीं असतांना आंसापासून खालच्या टीपर्यंतचें अंतर लिहून घ्यावें. मग स्वार बसल्यावर पुन्हां मोजावें. दोहोंतील वजाबाकी ती बैठक. पण घर्षण फसवितें. म्हणून एकदां गाडी खालीं दाबून सावकाश वर येऊं द्यावी आणि मोजावें, एकदां किंचित् वर उचलून सावकाश बसूं द्यावी आणि मोजावें, आणि दोहोंची सरासरी घ्यावी. आमच्याकडे हीं दोन मापें ९० आणि ८० आलीं, सरासरी ८५. मोजण्याचें काम धाकट्या पुतणीकडे होतें. तिनें आजीची शिवणाची टेप आणली होती. "अगं, तेलाचे हात लावूं नकोस तिला," असें आजीनें माजघरांतून सांगितलें. "मोजून झालें कीं धुवून देतें, आजी," म्हणून तिनें पुन्हां एकदां मोजलें.

ही ८५ ची बैठक जुन्या स्प्रिंगांवरची. नव्या स्प्रिंगा ११ नें लांब, म्हणून बैठक ७४ झाली. सरळ पिळाच्या स्प्रिंगला जितके मिलिमीटर आरंभींचा दाब वाढवावा तितकेच मिलिमीटर बैठक कमी होते, हा हिशेब सोपा आहे. मग पाण्याच्या प्लास्टिकच्या नळाचे १५ मिलिमीटरचे दोन तुकडे कापून स्प्रिंगांच्या डोक्यावर, पोलादी वायसर मध्यें ठेवून, घातले. बैठक ५९ आली. नुसत्या गाडीची बैठक मोजली ती २६. तुकड्याचीं टोंकें चौरस कापलीं पाहिजेत, आणि दोन्ही तुकडे एकाच मापाचे पाहिजेत. तसेंच तुकडा घातल्यावर फोर्क तळाला लागण्यापूर्वीं स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडत नाहींत ना, हें आधीं मोजून पाहावें. भिडले तर टोपीचे आटे जातात.

कोणी म्हणेल, मग जाड माणसानें लांब तुकडा घालावा म्हणजे झालें. तसें होत नाहीं. तुकडा गाडी उंच करतो, स्प्रिंग ताठ करीत नाहीं. स्वाराची बैठक ठीक आणतां आणतां नुसत्या गाडीची बैठक दहा-पंधरावर आली, तर स्प्रिंगच त्या वजनास कमी आहे असें समजावें आणि ताठ स्प्रिंग शोधावी. ती न मिळाल्यास कांहीं कारागीर जुन्या स्प्रिंगचे वेढे कापतात. साठ वेढ्यांतले सहा कापले तर ताठपणा सुमारें दहाव्या हिश्शानें वाढतो, आणि कमी झालेली लांबी नळाच्या तुकड्यानें भरून काढतां येते. हा उपाय गांवठी असला तरी त्याचें शास्त्र खरें आहे.

चाक परत बसवितांना शेवटचें एक काम बहुतेक गॅरेजांत राहून जातें. आंसाची मुख्य नट आंवळावी, पण बॉटमला आंस धरणारे बाजूचे बोल्ट सैल ठेवावे. गाडी जमिनीवर उतरवून, पुढचा ब्रेक न धरतां, फोर्क पांच-सहा वेळां जोरानें दाबावा. दोन्ही बॉटम आपापल्या नैसर्गिक जागीं येतात. मग ते बोल्ट आंवळावे. हें न केल्यास दोन पाय एकमेकांकडे किंचित् ओढलेले राहतात, फोर्क अडखळत सरकतो, आणि माणूस तेलाला दोष देत बसतो. पाइप वरच्या टीच्या वर किती निघाले आहेत तेंहि दोन्हीकडे मोजून सारखें करावें. चाक अधांतरीं आहे तोंवर खालचे पाय धरून पुढें-मागें हलवून पाहावें. टक्‌टक् असा झोल लागला तर तो फोर्काचा नसून कोनसेटचा असण्याचा संभव अधिक, आणि हँडल मध्यावर अडकल्यासारखें वाटलें तर गोळ्यांनीं खाचा पाडल्या आहेत म्हणून समजावें.

पुतण्यानें एक वही केली आहे. तींत तारीख, तेल, पातळी, बैठक आणि गाडी कशी वाटली याचे रकाने आहेत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम त्यानें स्वतःच घातला. दोन बदलल्या कीं कोणतीनें गुण आला हें कळत नाहीं. पहिल्या फेरीस वहिनी स्वतः वाटेच्या वळणावर जाऊन उभ्या होत्या. परत आल्यावर गाडी विकण्याचा विषय त्यांनीं काढला नाहीं; तबकडीवर मात्र बोट फिरवून पाहिलें, आणि आतां दर रविवारीं त्या तें पाहतात.

राहिलें तें रोजचें. गाडी धुतांना पाण्याचा जोराचा फवारा सीलांवर धरूं नये. फवारा चिखल ओठाच्या आंत ढकलतो. ओल्या फडक्यानें पाइप पुसावा, वरचें धुळीचें सील सरकवून तेथील गाळ काढावा, आणि पाइपावर तेलाचें बोट फिरवावें. ज्यांना रबरी भाते बसवितां येतात त्यांनीं ते बसवावे, पण पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां वर करून आंत पाहावें. आंत सांठलेलें पाणी झांकलेलें राहतें आणि गंज सावकाश, कोणाच्या दृष्टीस न पडतां चढतो. टेंपोंतून गाडी गांवीं नेतांना दोर बांधून फोर्क पार तळापर्यंत दाबून ठेवण्याची रीत आहे. त्यानें सहा तास सीलांवर ताण राहतो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्यें लाकडाचा एक ठोकळा घालावा आणि मग दोर आंवळावा.